तपास चालू आसा

आमच्या शेजारच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडणार नाही. आरशातल्या स्वतःकडेही ते ओळखपत्र मागत असतील. निवृत्त हवालदार. बायको गेलेली, मुलगा गोव्यात नोकरीला. बाजारातून मासळी आणायची तीसुद्धा दुहेरी पिशवीत, वर वर्तमानपत्र झाकून. कुंपणापाशी माझी आई रोज विचारायची, "काकांनू, आज काय गावला?" उत्तर ठरलेलं, "तपास चालू आसा." दुपारी वासावरून सगळ्या वाडीला कळायचंच, बांगडे तळतायत. देवळात गुरवाने देवाला घालायच्या गाऱ्हाण्यात त्यांचं नाव-गाव घेतलं, तर भर गर्दीत ओरडले, "देवाक माझो पत्तो म्हायत आसा! माइकवर कित्याक?" त्यांच्या फोनमध्ये मी हौसेने टॉर्चचं ॲप घालून दिलं, त्याने नंबरांची यादी बघायची परवानगी मागितली. काका माझ्यावरच उखडले, "उजेड पाडूक माझ्या सोयऱ्यांचे नंबर कित्याक होये रे?" मी घराण्यातला पहिला पदवीधर, वर सायबर सुरक्षेचा डिप्लोमा, पण इतका साधा प्रश्न मला कुठल्याच सरांनी शिकवला नव्हता.

एकदा मी कणकवलीच्या कॉलेजात सायबर गुन्ह्यांवर भाषण ठोकत होतो, स्वतःचा फोन बंद ठेवून. इकडे आईला व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला इन्स्पेक्टर. तुमच्या नावावर गुन्हा आहे, खोलीतून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, चौकशी होईपर्यंत पैसे आम्ही सांगतो त्या खात्यात टाका. मला शिकवून उरलेली तिची सगळी ठेव जाणार होती. तेवढ्यात काका मासळी घेऊन कुंपणापाशी आले. प्रश्न आला नाही. थांबले, खोकले, पिशवी मुद्दाम सळसळवली. तरी नाही. मग थेट मागल्या दाराने आत शिरले, आईच्या हातातून फोन घेतला आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत अदबीने म्हणाले, "साहेब, आपला बक्कल नंबर?" साहेबांनी ऐटीत चार आकडे सांगितले.

"बक्कल नंबर शिपाय-हवालदाराक आसता रे! इन्स्पेक्टराक खंयचो? जा, नाटकातली वर्दी परत दी, भाडा चढता!"

फोन कट.

संध्याकाळी मी विचारलं, "काका, तुम्हाला बाहेरूनच संशय आला कसा?"

"तुझ्या आवशीन इचारल्यान नाय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पयल्यांदा."

मासळीचं नाव ते अजूनही सांगत नाहीत. फक्त हल्ली कुंपणापाशी आले की चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकतात, आणि आईचा प्रश्न येईपर्यंत वाकलेलेच राहतात.