कोपऱ्यातला आकडा

माझ्या बायकोचे पीएचडीचे सर पहिल्या भेटीपासून माझ्या डोक्यात जातात. आधीच सांगून टाकतो, म्हणजे एकतर्फी लिहिलं असं नंतर कुणी म्हणायला नको. एकतर्फीच लिहितोय.

सरांचं नाव झालं ते एका लोखंडी ब्रॅकेटवर. यंत्राचा हा काटकोनी आधार कॉम्प्युटरवर जाळीसारखा छोट्या तुकड्यांत विभागायचा, तुकड्यातुकड्यावरचा ताण काढायचा आणि आतल्या कोपऱ्यात तो किती चढतो ते सांगायचं. सरांचा आकडा म्हणे खऱ्या ब्रॅकेटवरच्या चाचणीशी तंतोतंत जुळला. तेव्हापासून पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गळ्यात सरांचीच जाळी.

बायकोनं ती बारीक करून पाहिली, म्हणजे तुकडे आणखी लहान केले. कोपऱ्यातला ताण वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. थांबायचं नावच घेईना. खऱ्या ब्रॅकेटचा कोपरा आतून जरा गोल असतो, सरांनी चित्रात तो अगदी धारदार काढला होता. अशा कोपऱ्यात पाहिजे तो आकडा मिळतो, जाळी कुठे थांबवायची एवढंच ठरवायचं. सरांनी चाचणीचा आकडा आला तिथे थांबवली होती.

ती त्यांना दाखवायला गेली.

"शहाणपणा नको," सर म्हणाले. "आहे तशी ठेव. प्रबंधावर सही मला करायचीय."

"गाईड बदल," मी म्हणालो.

"सहाव्या वर्षी? तू गप्प बस."

तिनं सरांची जाळी ठेवली. घरात दोन दिवस भांडी आपटत होती.

तोंडी परीक्षेला मी मागे बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलंच विचारलं, "जाळी बारीक केली तर हा आकडा टिकतो?"

सर हसले. "मी तिला हेच सांगत होतो. पण आजकालची मुलं ऐकतात कुठे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात बायकोच बोलली. "टिकत नाही, मॅडम. बारीक जाळ्यांचे निकाल माझ्याकडे आहेत. कोपरा गोल केला की आकडा स्थिरावतो, पण तो सरांचा आकडा नाही. सरांना दाखवलं होतं. त्यांनी प्रबंधात घालू दिलं नाही."

निकाल पाहून बाईंनी प्रकरण नव्यानं लिहायला सांगितलं. पदवी लांबली.

व्हरांड्यात सर तिच्याजवळ आले. "बदललेल्या प्रबंधावर सही कशी मिळते बघतोच."

"नका देऊ," ती म्हणाली. "तुमचा आकडा तरीही चुकीचाच राहील, सर."

मला त्या माणसाची कॉलर धरायची होती. पण बायकोनं माझा हात घट्ट धरला होता, आणि ती मला जिन्याकडे ओढत होती.