कानबाई होऊ दे, मग बघू

माझी सासू जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणू देत. मी बोलणार.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. उधन्यात आमच्या दोन खोल्या. नवरा मिलमध्ये, आणि मी नि सासू घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचो. माझा डावा स्तन काढून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. औषधं आणि मशीनचे शेक संपले होते, केस परत आले होते आणि घरच्यांपुरता तो विषय मिटला होता. जे कापूनच टाकलं ते परत कुठून येणार, असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगते, मलाही वाटायचं.

डॉक्टरांना मात्र तसं वाटत नव्हतं. गुजराती माणूस, भारी कडक. घरी पाठवताना त्यांनी माझीच बोटं धरून मला शिकवलं होतं. महिन्यातून एकदा टाक्यांच्या रेघेवरून हात फिरवायचा, काखेत बघायचं, गळ्याच्या हाडाच्या वर बघायचं, दुसऱ्या बाजूचंही बघायचं. कण लागला, कातडी लाल होऊन तशीच राहिली, हात सुजला, एखादं हाड दोन आठवडे दुखतच राहिलं, खोकला जाईना, तर दिलेल्या तारखेची वाट बघत बसायचं नाही. उठायचं आणि यायचं. दर वेळी तेच असेल असं नाही, म्हणाले, पण ते ठरवायचं काम आमचं.

धागे कापणाऱ्या बाईची बोटं हुशार असतात. साडीच्या उलट्या बाजूची गाठ आम्हाला न बघता कळते. आषाढात एका सकाळी न्हाताना रेघेवर, काखेच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी लागलं. टणक. ढकललं तरी सरकेना. दुखत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओल्या केसांनीच बाहेर आले आणि सासूला सांगितलं, "आत्याबाई, गाठ लागतेय."

आता सासूचं ऐका. तिनं नवस बोलला होता, सून बरी झाली तर कानबाई बसवीन. आम्हा खानदेशी लोकांची ही श्रावणातली देवी. सगळी भावकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात आणि दुसऱ्या दिवशी बाया चौरंग डोक्यावर घेऊन देवीला तापीवर पोचवतात. सुरतेबाहेर पार कामरेजपर्यंत निरोप गेले होते. आणि मी म्हणत होते, गाठ आली.

"कानबाई व्हई जाऊ दे, मंग देखूत," ती म्हणाली. वर हेही सुनावलं की कानबाईनं बरं केलेलं दुखणं परत तोंडानं काढलं तर तिचा कोप होतो. नवरा म्हणाला, आई म्हणते तर थांबू थोडं. घ्या! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एकटी का गेली नाहीस, असं कुणी विचारेल. कोपाला मीही भ्यायले, हे माझं पाप. पण रोज न्हाताना ती कणी चाचपायची आणि रोज माझा राग चढायचा. कासारीण आली, तर उजव्या हातात बांगड्या सरसर गेल्या आणि डाव्या हाताच्या मुठीपाशीच अडकल्या. सासूनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि कासारणीला म्हणाली, मोठ्या मापाच्या दे. त्या दिवशी मी ठरवलं की हिला सोडायचं नाही.

रोटांच्या दिवशी आतल्या खोलीत बायाच बाया, पुरुष बाहेर ओट्यावर. पुरण शिजत होतं. सासू नवी साडी नेसून सगळ्यांना सांगत होती, "मनी सूनले कानबाईनी वाचाडं." पुढे नवऱ्याची थोरली चुलती बसली होती. भावकीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. मी तिच्यासमोर बसले, ब्लाउजचं हूक काढलं, तिचा हात धरला आणि बोट नेमकं त्या कणीवर ठेवलं. म्हटलं, "दाबून बघा. पंचवीस दिवस झालेत. आत्याबाई म्हणतात, आधी कानबाई."

माय वं! खोलीतल्या सगळ्या बाया वळून सासूकडे बघायला लागल्या. सासूचं तोंड पांढरंफटक पडलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

चुलतीनं माझ्या नवऱ्याला दारातूनच हाक मारली आणि चांगलं झापलं. उद्या सकाळी पहिलं काम दवाखाना. सोबत कोण जाणार? मी म्हटलं, आत्याबाईच येतील. तर नवस तिचा, आणि दुसऱ्या दिवशी चौरंग चढला माझ्या एका जावेच्या डोक्यावर. सासू माझ्याबरोबर रिक्षात. वाटेत कुठूनतरी कानबाईची गाणी ऐकू आली तशी ती पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. मी ढुंकूनही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी कणी तपासली, हात मापला, कागदावर कणीत सुई घालून तपासायचं लिहून दिलं. मग किती दिवसांपासून आहे, विचारलं. मी सांगितलं आणि ते माझ्यावरच उखडले. तुम्हाला शिकवलं होतं ना, मग घरी काय करत होतात? उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, पंचवीस दिवस घोळवलेलं. तेवढ्यात सासूच खुर्चीवरून उठली.

"इनी माले पहिलेच दिन सांगं व्हतं," ती म्हणाली. "मीच इले थांबाडं."

डॉक्टरांना आमची अहिराणी कळेना. त्यांनी मला विचारलं, "बा शुं कहे छे?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं. घरात कार्य होतं, एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. वीस वर्षं सुरतेत काढलेली बाई ती, गुजराती तिला चांगली समजायची. मी गुजरातीत सावकाश, एकेक शब्द मोकळा करून सांगितलं. नवस सांगितला, कोप सांगितला, मोठ्या मापाच्या बांगड्याही सांगितल्या. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती.

पुढे त्या सुईत तेच निघालं. पुन्हा औषधं, पुन्हा शेक, आणि सगळ्या फेऱ्यांना तीच माझ्यासोबत आली. मी तिला माफ केलं नाही. तिनंही कधी माफी मागितली नाही.