चाकूरची नर्सरी कुणाची

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या दुष्काळात आमच्या घरात वाटणी चालली होती. धाकटे दीर आणि जाऊ वेगळे निघणार होते. शेत वाटलं, भांडी वाटली. राहिली चाकूरची नर्सरी.

एका कंपनीच्या नावानं लातूर जिल्ह्यात लहान मुलांच्या नर्सऱ्या काढायचा हक्क मी घेतला होता. लातूरची मी चालवत होते, चाकूरची पहिल्या दिवसापासून जाऊ. तिसरी शिरूर अनंतपाळला काढायची करारातली मुदत जवळ आली होती. पण टँकरची वाट बघणाऱ्या गावात नर्सरीत कोण पोरं घालणार?

"अक्का, मला दुसरं काही नको," जाऊ म्हणाली. "चाकूर तेवढी माझी म्हणा."

"तुझीच आहे," मी म्हणाले. चार माणसांसमोर बोलले, वाटणी झाली. तिच्या माहेरच्यांनी चौकात फ्लेक्स लावला: नूतन संचालिकांचे हार्दिक अभिनंदन. खाली भावांचे फोटो, तिच्यापेक्षा मोठे.

चाकूर नांदेडच्या रस्त्यावर आहे. कंपनीचे साहेब नांदेडला बसायचे. जाता जाता त्यांनी तो फ्लेक्स पाहिला आणि मला बोलावून घेतलं.

"मॅडम, नर्सरी विकली?"

"विकली कुठं? घरातच दिली."

"घरात दिली तरी आमची मंजुरी लागते. आणि तुकडा तर देताच येत नाही. द्यायचा तर जिल्ह्याचा सगळा हक्क, एकाच माणसाला. तोही आम्हाला पसंत पडला तर."

दिरांनी मला निघताना एक युक्ती सांगितली होती. नवा जिल्हा होणार, लातूरचे दोन भाग पडणार, अशी चर्चा तेव्हा रोज चालायची. "वहिनी, सांगा त्यायला, जिल्हाच फुटला की करार बी फुटतो."

मी तसं सांगितलं. साहेब हसले. सरकारनं जिल्ह्याचे चार केले तरी करारातला जिल्हा सही केली त्या दिवशीचाच राहणार, म्हणाले.

परतताना एसटीत मी हे उलटसुलट करून पाहिलं. सरकारला जिल्हा तोडता येतो आणि मला जावेला एक नर्सरी तोडून देता येत नाही. चालवायची मी, वाढवायची मी, मुदत चुकली तर बोलणी खायची मी. मग माझ्या नावावर नक्की होतं काय?

जावेला वाटलं, मी शब्द फिरवला. "साहेबाचं नाव सांगून तुम्हीच बोलायलात, अक्का."

मी साहेबांना फोन लावून तिच्या हातात दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "मग सगळंच माझ्या नावावर करा. लातूर तुम्ही चालवा. इतके दिवस तुमच्या नावावर मी चालवलीच न्हाई का?"

मला राग आला. पण शिरूरसाठी धावायची तिची तयारी होती, माझी संपली होती. सगळा हक्क तिच्या नावावर करायचा अर्ज मी केला. कंपनीनं तिला बोलावून पारखलं आणि मंजुरी दिली.

आता नांदेडच्या बैठकीला ती जाते. कंपनीच्या लेखी मी तिच्या लातूरच्या नर्सरीची मुख्याध्यापिका. धाकटीला चाकूर द्यायची होती, ती तिला मिळाली. थोरलीच्या वाट्याला काय आलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.