चार बोटं उंच ओटा

सकाळी सुनंदा भाकरी थापत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसलो होतो. पाठ सरळ होती. भाड्याच्या प्रत्येक घरात ती ओट्यापाशी वाकूनच उभी राहिली. माझी बायको माझ्याहून चांगली वीतभर उंच, आणि ओटे बांधणाऱ्यांच्या डोक्यात अशी बाई नसतेच.

हा फ्लॅट बुक करताना बिल्डरच्या माणसानं ऐटीत सांगितलं होतं, "सणाची ऑफर आहे. एसी फुकट." मी लगेच विरघळलो. सुनंदा मात्र सॅम्पल फ्लॅटच्या ओट्याशी गेली, हवेतच एक भाकरी थापली आणि म्हणाली, "एसी राहू द्या. ओटा चार बोटं उंच करून द्या."

"मॅडम, त्याचे जास्तीचे पैसे पडतात."

"म्हणून तर एसी सोडतेय."

माणूस घराशी किती मुकाट्यानं जुळवून घेतो! बुटक्या दारात मान झुकवतो, अरुंद न्हाणीत कोपरं अंगाशी धरतो, आणि पुढे ते अंगवळणी पडतं. घरालाही जरा सरकायला सांगता येतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"चहा टाकता का?" सुनंदानं मागे न बघताच विचारलं.

मी कोपऱ्यातला उंच पाट ओढला, त्यावर चढलो आणि शेगडीवर आधण ठेवलं. आमचे खांदे एका रेषेत आले. लग्नाच्या फोटोत तिची उंची झाकायला फोटोग्राफरनं तिला खुर्चीवर बसवलं होतं. पाट त्यालाही सुचला नव्हता.