ज्ञानदेवाच्या बेंजोची घरघर

भरे गावच्या ज्ञानदेवाने ब्याऐंशी सालच्या भीमजयंतीला बेंजोसाठी आवाज घुमवणारं इको मशीन आणलं आणि बेंजोला घरघर लागली. इकोची पिन विहारात खोचलेली, अ‍ॅम्प्लिफायरची समोरच्या धोंडाबाईंच्या घरात. कर्ण्यातून नुसतं घूंऽऽ. वायरी बदलल्या, पिना पुसल्या, तरी ते हटेना.

लोक चुळबुळायला लागले, तशी त्याची बायको गोजराबाई माइकपाशी आली. गाणारी तीच. "अवं, ह्यो एकच सूर धरून बसलाय न्हवं? मी त्यातच गाते," म्हणाली, आणि तिने भीमगीत उचललं. मांडव डोलायला लागला.

इकडे ज्ञानदेवाला सुचलं की दोन घरांच्या अर्थिंगचं एकमेकांशी पटत नसावं. त्याने लांब वायर मागून आणली आणि इकोची पिनही धोंडाबाईंच्याच बोर्डात खोचली. घरघर एकदम थांबली. गोजराबाईही थांबली.

"मधीच सूर काढून घेत्यात व्हय?" ती माइकवरूनच म्हणाली. "कडवं तरी संपू द्यायचं."

हसू आवरत ज्ञानदेव तिला द्यायला बेंजोवर तो घरघरीचा सूर शोधायला बसला. तो नेमका बेंजोच्या दोन बटणांच्या मधला निघाला, दाबायला बटणच नाही असा.