पुठ्ठ्याचे चार तुकडे

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढल्यावर धक्कामावशींच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. नाव मुलींनी ठेवलेलं. दर वर्षी नव्या तुकडीला त्या सांगत, "प्रयोगाच्या गाडीला धक्का हळू द्या गं, नवऱ्याला उठवायचं नाहीये."

तळमजल्यावरच्या वाचनालयात बदली मिळावी, एवढाच त्यांचा अर्ज. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवायचं आणि इथे हे जिने. पण विभागाच्या नव्या प्रमुख मॅडम सही करीनात. "मावशी, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही." हेच वाक्य मावशी घरीही ऐकत. विटल्या होत्या.

त्या दिवशी मॅडमनी टकरीचा प्रयोग स्वतः लावला. लांब लोखंडी पट्टीवर दोन छोट्या गाड्या. एक उभी, दुसरी येऊन तिला चिकटते. टकरीआधीचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि नंतरचा, दोन्ही सारखे यायला हवेत. तीनदा केलं, तिन्ही वेळा नंतरचा कमीच.

"गेला कुठे हो संवेग?" मॅडम वैतागल्या. "घर्षण असणारच, पण तुमच्या हातून कसा बरोबर येतो?"

मावशींनी कण्हत वाकून पाहिलं. गाडी सुटते त्या टोकाचा पट्टीचा पाय टेबलावर नुसताच टेकला होता.

"इथले पुठ्ठे?"

"ते? काल आवरताना टाकले मी. कचरा वाटला."

मावशी स्टुलावर बसल्या. गप्प राहिलं तर मान राहील, जिनेही राहतील. मग त्या उठल्या. कचऱ्याचा डबा अजून रिकामा झाला नव्हता. त्यातून दोऱ्याने बांधलेले चार तुकडे काढून त्यांनी पायाखाली सरकवले.

"घर्षण जेवढं खातं, तेवढं हा उतार परत देतो. तीन ठेवले तर गाडी रेंगाळते, पाच ठेवले तर पळत सुटते. चारच."

मॅडमनी पुन्हा केलं. आकडे जुळले.

"एवढंच होतं?" मॅडम हसल्या. "मग मावशी, तुमचं इथे कामच काय?"

बोचलं. सव्वीस वर्षांना बोचलं. मावशींनी खणातून अर्ज काढून पुढे ठेवला.

"तेच लिहिलंय, मॅडम. सही इथे."

मॅडमचं हसू मावळलं. पण पेन निघालं. मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. घरी सासूबाईंना वळवायची वेळ झाली होती.