कॉलेजच्या दारात थांबलेली कानबाई

मी पत्रकं लिहिते. प्रवेशाच्या दिवसांत जळगावच्या बसस्टँडवर ती वाटते आणि कमी टक्क्यांच्या मुलांना खिडकीवरूनच हाकलणाऱ्या कॉलेजांशी भांडते. देवाचं नाव माझ्या पत्रकात कधी आलेलं नाही. तरीही ही हकिकत लपवली, तर मी खोटी ठरेन.

बारावीला मला एक्केचाळीस टक्के पडले. दोन वर्षं इंग्रजीला शिक्षकच नव्हता, याचा संताप आज येतो. तेव्हा नुसती लाज वाटायची. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा. कॉलेज मिळालं नाही तर दिवाळीनंतर लग्न, हे घरात ठरलेलं. बाबा आणि मी जळगाव पालथं घातलं. एका खिडकीतून तर मार्कशीट घडीसकट परत आली. "पुढच्या वर्षी बघा," म्हणे. पुढचं वर्ष मला मिळणारच नव्हतं.

धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात बीएच्या जागा उरल्यात, असं कळलं. श्रावणातला सोमवार, प्रवेशाचा शेवटचा दिवस. पहाटेची एसटी धरून पोचलो, तर ऑफिस उघडं आणि क्लार्कची खुर्ची रिकामी. "नाना कानबाईसंगे नदीवर गयात," शिपाई म्हणाला. कानबाई म्हणजे श्रावणात रविवारी घरी बसवून सोमवारी नदीवर बोळवायची खानदेशातली देवी; आमच्या पाड्यावर ती बसत नाही. त्या सोमवारी अर्धं देवपूर तिला पोचवायला पांझरेवर असतं, हे आम्हाला कुठून ठाऊक? दुपारी दोनला प्रवेश बंद होणार होते.

बाबा पायरीवर बसले. मी ढोलाच्या आवाजामागे निघाले. मिरवणुकीच्या पुढे एक अक्का होती, डोक्यावर चौरंग, त्यावर नथ घालून सजवलेला देवीचा नारळ. मी सरळ तिच्या वाटेत उभी राहिले. कानबाई डोक्यावर असलेल्या बाईला कोणी अडवत नसतं, हेही मला माहीत नव्हतं.

"काय व्हयनं माय?"

मी एका दमात सगळं सांगितलं.

"पास शे ना? मंग आखो काय जोयजे?"

कानबाई वाटेत कुणाच्याही दारात थांबते. घरातलं माणूस पूजा करेपर्यंत हलत नाही. अक्का वळली ती थेट कॉलेजच्या दारात जाऊन उभी राहिली. मागे गुलालात न्हालेले नाना नाचत होते. तिने त्यांना हाक मारली. "नाना, हाई दार तुमनं शे. पोरनं काम करा, मंग हालसू."

"अक्का, देवी डोकावर शे, खोळंबा व्हई."

"ती थांबी जाई. पोरनं वरीस थांबाव नही."

नाना अनवाणीच आत गेले. माझ्या फॉर्मवर त्यांच्या अंगठ्याचा गुलाल लागला. बाहेर बायका फुगड्या घालत होत्या आणि अक्का तेवढा वेळ चौरंग डोक्यावर घेऊन उन्हात उभी होती. पावती हातात देऊन नाना पुढे गेले. कागद आवरून मी बाहेर धावले, तोवर मिरवणूक निघून गेली होती. मी अक्काचं नावही विचारलं नव्हतं.

देवपुरातली ती तीन वर्षं, होस्टेलची गळकी गॅलरी, नानांचं लांबूनच "काय एक्केचाळीस, अभ्यास चालू शे ना?" असं चिडवणं, सगळं आता फार जवळचं वाटतं. तो चमत्कार होता का, या वादात मी पडत नाही. हक्कासाठी मी आजही भांडते. पण त्या दिवशी मला भांडताही येत नव्हतं, मी फक्त वाटेत उभी राहिले होते, आणि तेवढं पुरलं.

श्रावणातल्या त्या सोमवारी मी दरवर्षी पांझरेवर जाते. मागत काही नाही. आई, तू थांबलीस, एवढंच म्हणते.